नमुना संपतो, नोंद उरते

पंजाबातल्या मुल्कोवाल नावाच्या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. लस मुंबईहून, परळच्या प्लेग रिसर्च लॅबोरेटरीतून आलेली. पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणिसांचीही लस एकाच बाटलीतली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन. ती परळला भरतानाच दूषित झाली की मुल्कोवालला उघडताना, या एका प्रश्नाभोवती पुढची पाच वर्षे वाद फिरत राहिला. लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांनी जंतू मारण्याच्या पद्धतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळले होते, त्यामुळे चौकशी आयोगाची नजर परळकडेच वळली. हाफकिन यांचे पद गेले. बाटली उघडायचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला होता, या गोष्टीचे खरे वजन लोकांच्या ध्यानात यायला १९०७ साल उजाडले. हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव मिळाले.

हकिगत लशीची आहे, अन्नाची नव्हे. तरीही अन्न सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतली गुणवत्ता प्रणाली हा ज्याचा विषय आहे, त्या पुस्तकाच्या दारात ती सांगायला हवी. बाटलीला क्रमांक होता, कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले याची नोंद होती, म्हणून तर एकोणीस मृत्यूंचा माग एका बाटलीपर्यंत नेता आला. पण ती बाटली कशी भरली गेली याबद्दल आयोगाचे समाधान करता आले नाही. काम चोख झाले असेलही. ते चोख झाले होते हे नंतर दाखवता येणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि आजच्या लॅबमधली निम्मी रजिस्टरे त्या वेगळ्या गोष्टीसाठी ठेवलेली असतात.

हे कळायला एखादा नमुना लॅबच्या टेबलावर पाहावा. दूध पावडरीत साल्मोनेला आहे का, एवढेच शोधायचे आहे. २५ ग्रॅम पावडर २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये मिसळून ३७ अंशांना १८ तास ठेवायची, म्हणजे अर्धमेले जंतू असतील तर सावरतात. मग त्यातला थेंबभर भाग अशा द्रवात टाकायचा की साल्मोनेला तगेल आणि बाकीची गर्दी मागे पडेल, हे ४१.५ अंशांना. तिथून लूपने एक्सएलडीच्या लाल प्लेटवर रेघा ओढायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडल्यावर काळ्या ठिपक्यांच्या कॉलन्या दिसल्या, तर लॅबमधले बोलणे एकदम थांबते. नाही दिसल्या, तर रिपोर्टवर एक ओळ छापली जाते : २५ ग्रॅममध्ये आढळले नाही. आता ते २५ ग्रॅम कुठे आहेत? ऑटोक्लेव्हमधून निघून ड्रेनेजमध्ये. त्याच पिशवीतले शेजारचे २५ ग्रॅम घेतले तरी ते दुसरेच २५ ग्रॅम, कारण जंतू पावडरीत साखरेसारखे विरघळलेले नसतात. ते कुठेतरी पुंजक्याने बसलेले असतात. शिसे पंधरा दिवसांनी मोजले तरी तेवढेच भरते. जंतू पंधरा दिवसांत वाढतात किंवा मरतात. रसायनवाल्याला आपली साक्ष फिरून काढता येते, सूक्ष्मजीववाल्याला बहुतेक वेळा येत नाही.

म्हणून या लॅबच्या रिपोर्टची सगळी भिस्त तो कसा तयार झाला यावर असते. प्लेट ओतताना अगर ४४ ते ४७ अंशांच्या दरम्यान होता का. त्याहून गरम असेल तर जंतू मेले असतील आणि आकडा छान कमी आला असेल. ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणून निर्जंतुकीकरण झाले असे समजले गेले, की बीजाणूंची पट्टीही ठेवली होती? टेप फक्त उष्णता लागल्याचे सांगते, पुरेशी लागल्याचे नाही. मीडियाची नवी डबी फोडल्यावर त्यात ओळखीचा जंतू वाढवून पाहिला का, आणि जो वाढू नये तो वाढत नाही हेही पाहिले का? तो ओळखीचा जंतू पुण्याच्या एनसीएलमधल्या संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीतून आणलेला, की शेजारच्या कॉलेजातून मागून आणून दहा वर्षे प्लेटवरून प्लेटवर फिरवलेला? मूळ कल्चरपासून पाचांहून अधिक पिढ्या वापरू नयेत हा दंडक त्यासाठीच आहे. नवख्याला गुणवत्ता प्रणाली म्हणजे फायलींचे कपाट वाटते. खरे तर ती अशा प्रश्नांची माळ आहे, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुठे लिहिलेले सापडेल याचा पत्ता.

हा विचार एका दिवसात आला नाही. रॉबर्ट कोख सुरुवातीला उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवत, मग जिलेटिनवर. आणि ते उन्हाळ्यात वितळून जाई. फॅनी हेसे कोख यांच्याकडे काम करणाऱ्या आपल्या पतीला प्रयोगशाळेत मदत करत. जेली घट्ट करायला घरात वापरायचा अगर त्यांनी सुचवला तो १८८१-८२ च्या सुमारास. मराठी स्वयंपाकघर त्याला चायना ग्रास म्हणून ओळखते. १८८७ मध्ये पेट्रीने आपली झाकणाची बशी वापरात आणली. त्या बशीत आणि आजच्या प्लेटमध्ये काच जाऊन प्लास्टिक आले, एवढाच काय तो फरक.

पुढची बरीच दशके समजूत अशी होती की पद्धत ठरली की काम झाले. खतांच्या तपासणीत दोन रसायनतज्ज्ञांचे आकडे जुळेनात, म्हणून १८८४ मध्ये अमेरिकेत एओएसी ही संघटना निघाली. मान्य पद्धती ठरवणे हे तिचे काम. पद्धत एकच असूनही दोन माणसांचे आकडे का फिरतात, याचे उत्तर मात्र कारखान्यातून आले. वॉल्टर शेवहार्ट यांनी १९२४ मध्ये टेलिफोनच्या सुट्या भागांसाठी नियंत्रण-आलेख काढला. कोणता चढउतार नेहमीचा आणि कोणता दखल घेण्याजोगा, हे त्या आलेखावर डोळ्यांना दिसू लागले. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी तो रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत नेला. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याची तपासणी करताना ऑस्ट्रेलियाचे हाल झाले होते. त्या अनुभवातून १९४७ मध्ये नाटा ही संस्था उभी राहिली. लॅबने स्वतःबद्दल काय म्हणावे ते म्हणो, तिची पात्रता बाहेरच्याने येऊन तपासायची, ही कल्पना इथे रुजली. १९७८ मध्ये आयएसओने गाइड २५ काढले आणि १९९९ मध्ये त्याचे आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक झाले. २००५ आणि २०१७ मध्ये ते बदलले.

या क्षेत्रात घराणी आहेत, आणि गाण्यातल्यासारखी त्यांची कडवी माणसेही आहेत. एक पद्धतींचे भांडण : युरोपकडे पाहणारे आयएसओच्या पद्धती वापरतात, अमेरिकेला माल पाठवणारे तिथल्या एफडीएचे बॅम नावाचे पुस्तक उघडतात, आणि भारतीय लॅबच्या कपाटात आयएस ५८८७ व आयएस ५४०२ यांच्या जुन्या, कोपरे दुमडलेल्या प्रती असतात. बीआयएसने अलीकडे आयएसओचेच मजकूर भारतीय मानक म्हणून घ्यायला सुरुवात केल्याने हे भांडण आपल्याकडे जरा निवळले आहे. दुसरा वाद प्लेटवाल्यांचा आणि झटपट पद्धतीवाल्यांचा. पीसीआर काही तासांत उत्तर देते. प्लेटवाले विचारतात, जंतू जिवंत होता का? प्रश्न रास्त आहे, आणि पीसीआरवाल्यांनी त्यावर शोधलेले उत्तरही रास्त आहे : आधी जंतू वाढवून घ्या, मग पीसीआर करा.

तिसरा वाद कागदांचा, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने तोच मोठा. २००५ च्या आवृत्तीवर आयएसओ ९००१ ची दाट सावली होती. क्वालिटी मॅन्युअल, त्याखाली कार्यपद्धती, त्याखाली सूचना, त्याखाली फॉर्म. सल्लागारांचा एक धंदाच त्यावर उभा राहिला. एकाच मॅन्युअलच्या प्रती गावोगाव फिरल्या, आणि पान चाळीसवर आधीच्या लॅबचे नाव तसेच राहून गेल्याचे तपासायला आलेल्या असेसरला आढळणे हा या वर्तुळातला जुना विनोद आहे. २०१७ च्या आवृत्तीने मॅन्युअलची सक्ती काढली, जोखमीचा विचार करा म्हटले, निःपक्षपातीपणा अगदी पुढे आणून बसवला. एका परीने ही मोकळीक आहे. पण ज्याला साचा हवा असतो त्याला मोकळीक जड जाते. आपल्याकडच्या कित्येक लॅबनी जुने मॅन्युअल तसेच ठेवून त्यात जोखमीचे आणखी एक कोष्टक चिकटवले आहे.

या सगळ्याचे इतके काय, असे विचारणाऱ्याला दोन प्रकरणे सांगावीत. २०११ च्या मे महिन्यात जर्मनीत ई. कोलायची भयंकर साथ आली. हॅम्बुर्गच्या लॅबला स्पेनहून आलेल्या काकड्यांवर विष निर्माण करणारा ई. कोलाय सापडला, आणि तसे जाहीरही झाले. जंतू खरोखरच होता, पण साथीचा नव्हता. जात वेगळी निघाली. तोवर युरोपभर काकड्या सडत पडल्या होत्या, आणि भाजीवाल्या शेतकऱ्यांना युरोपीय संघाला २० कोटी युरोंहून अधिक भरपाई द्यावी लागली. साथीचे मूळ निघाले मोड आलेल्या मेथीत. जर्मनीत ५३ माणसे गेली होती. दुसरे प्रकरण उलट्या टोकाचे. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या फॉन्टेरा कंपनीने जाहीर केले की तिच्या व्हे प्रोटीनमध्ये बॉट्युलिझमचा जंतू असण्याची शक्यता आहे. बाळांच्या दुधाचे डबे अनेक देशांतल्या दुकानांतून परत घेतले गेले, चीनने आयात अडवली. महिना संपायच्या आत सरकारी फेरतपासणीत कळले की तो जंतू बॉट्युलिझमचा नव्हताच, त्याचा निरुपद्रवी भाऊबंद होता. एकही मूल आजारी पडले नाही. तरीही ग्राहक कंपनीने लवादात मागितलेल्या भरपाईपोटी २०१७ मध्ये फॉन्टेराच्या डोक्यावर १० कोटी ५० लाख युरोंचा बोजा आला. पहिल्या प्रकरणात सापडलेल्या जंतूचा अर्थ घाईने लावला गेला, दुसऱ्यात ओळखच चुकली.

आपल्याकडचा धडा जंतूंचा नसून शिशाचा आहे, पण तो मुंबई उच्च न्यायालयात मिळाला. मॅगीवरची बंदी १३ ऑगस्ट २०१५ रोजी रद्द करताना न्यायालयाने ज्या मुद्द्यांवर बोट ठेवले त्यांत लॅबचे मानांकन हा एक होता, आणि नमुने मोहाली, हैदराबाद व जयपूर इथल्या मानांकित लॅबकडे पुन्हा तपासायला पाठवले. लॅबना मानांकन देणाऱ्या संस्थेची ‘एनएबीएल’ ही अक्षरे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली ती तेव्हा. कायद्यात ती आधीपासून होती : अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चे कलम ४३ मानांकित लॅबच अधिसूचित करायला सांगते. त्याही आधी, १९९७ मध्ये, युरोपने साल्मोनेलाच्या कारणावरून भारतीय मासळी अडवली तेव्हा हा धडा किनाऱ्यावरच्या कोळंबीवाल्यांना पैसे मोजून मिळाला होता.

मागणी वाढली, माणसे मात्र तितकी तयार झाली नाहीत. मराठी मुलुखात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर कमी नाहीत. ग्रॅम स्टेनिंग त्यांना येते, रेघाही सुबक ओढता येतात. पण मोजमापाची अनिश्चितता, पद्धतीची पडताळणी, प्रोफिशियन्सी टेस्टिंगमधला झेड स्कोअर हे शब्द बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतात ते नोकरीत, आणि तेही ऑडिट आठवड्यावर आलेले असताना. एफएसएसएआयच्या निकषांतली एन, सी, लहान एम आणि मोठा एम ही चार अक्षरे काय सांगतात हे विचारले तर अनुभवी माणूसही क्षणभर छताकडे पाहतो. पाच पाकिटे तपासा, त्यांतली दोनपर्यंत या आकड्याच्या वर चालतील, पण त्या आकड्याच्या वर एकही नको. इतका साधा हिशेब आहे तो. तो कोणी बसून सांगितलेला नसतो, एवढेच.

सांगण्याची जुनी सोय म्हणजे पाच दिवसांचे निवासी प्रशिक्षण, मुंबई-दिल्लीच्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये. चार माणसांच्या डेअरी लॅबमधून एक जण आठवडाभर गेला तर प्लेट कोण वाचणार? म्हणून जायचा तो साहेब. प्लेट ओतणारी, ऑटोक्लेव्ह लावणारी मुलगी कधीच नाही. साहेब फाइल घेऊन परत यायचे आणि फाइल कपाटात जायची. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले तेव्हा ही घडी मोडली. लॅब मात्र चालू होत्या, दूध काही थांबत नव्हते. एनएबीएलनेही दूरस्थ मूल्यमापन सुरू केले. असेसर पडद्यावर आणि लॅबमधला कोणीतरी मोबाइल हातात धरून इन्क्युबेटरपासून सिंकपर्यंत फिरतोय, असे ते दृश्य. प्रशिक्षणही त्याच वाटेने गेले, आणि साथ ओसरल्यावरही पूर्वीच्या जागी परतले नाही.

ऑनलाइन शिकवण्याच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. पिपेटचा दट्ट्या पहिल्या थांब्यावर अंगठ्याला कसा लागतो ते पडद्यावरून कळत नाही. अगर ओतायला तयार झाला की फ्लास्क गालाजवळ नेऊन पाहणाऱ्या जुन्या हातांची जाणीव कॅमेऱ्यातून जात नाही. ती सवय थर्मामीटरने मोडायला हवी हा भाग वेगळा. कॅमेरा बंद, माइक बंद आणि शेवटी चॅटमध्ये ‘सर, सर्टिफिकेट कधी मिळेल?’ हा प्रकार सगळ्यांनी पाहिला आहे. मानकाला प्रमाणपत्र नको असते. त्याला सक्षमता दाखवून हवी असते, आणि ती टेबलापाशीच दिसते.

पण काही गोष्टी पडद्यावर वर्गापेक्षा चांगल्या शिकवता येतात. एकाच प्लेटचा स्वच्छ फोटो तीस जणांना एकाच वेळी पाठवायचा आणि कॉलन्या मोजून आकडा लिहायला सांगायचा. आकडे समोर यायला लागतात : कोणी १४२, कोणी १५८, कोणी १३७. कडेच्या दोन चिकटलेल्या कॉलन्या एक धरायच्या की दोन यावर पाच मिनिटे हुज्जत होते. प्लेट एकच, जंतू तेवढेच, मग फरक कुठून आला? अनिश्चितता या शब्दाची व्याख्या त्यानंतर सांगावी लागत नाही. वर्गात तीस जणांना एकच प्लेट देता येत नाही. हातोहात फिरेपर्यंत तिचे झाकण दहादा उघडलेले असते. रजिस्टरांचेही तसेच. प्रत्येकाने आपल्या लॅबमधल्या एका पानाचा, नाव झाकून, फोटो पाठवायचा आणि दुसऱ्याने तो असेसरच्या नजरेने वाचायचा. खोडरबरने पुसलेला आकडा, एकाच पेनने एका बैठकीत भरलेला महिना, सही आहे पण तारीख नाही असे फॉर्म. आडवी एक रेघ, बाजूला खरा आकडा, सही आणि तारीख, ही चूक दुरुस्त करायची रीत माणूस दुसऱ्याच्या पानावरून लवकर शिकतो. शिवाय धडा रेकॉर्ड केलेला असतो. रात्रपाळीची मुलगी तो दुपारी पाहू शकते, आणि अडले तिथे मागे नेऊ शकते.

भाषेचा प्रश्न उरतो. मानके इंग्रजीत, एसओपी इंग्रजीत आणि टेबलावरचे बोलणे मराठीत : ‘मीडिया जरा जास्त शिजला वाटतं’, ‘ही कॉलनी संशयास्पद आहे, उचलून ठेव.’ समजलेले आणि लिहिलेले यांत दरी पडते ती इथेच. हे पुस्तक अशाच ऑनलाइन पाठांतून, त्यांत विचारल्या गेलेल्या प्रश्नांतून घडले आहे आणि ते टेबलावरच्या भाषेत लिहिले आहे. पेट्री डिशला ते पेट्री डिशच म्हणते. मानकाच्या कलमांचे भाषांतर करण्याच्या फंदात लेखक पडलेले नाहीत. कलमामागे कोणती चूक कधी घडली होती ते आधी सांगायचे आणि मग कलम उघडायला लावायचे, असा त्यांचा क्रम आहे. रासायनिक तपासणी, लॅबची बांधणी, मानांकनाचा अर्ज भरण्याची कला या गोष्टी त्यांनी जाणीवपूर्वक बाहेर ठेवल्या आहेत. जनुकक्रम वाचण्याच्या नव्या पद्धतींना दिलेली पाने मात्र कमी वाटतात. साथीचा माग काढण्याचे काम झपाट्याने तिकडे सरकते आहे, आणि पुढच्या आवृत्तीत लेखकांना तो भाग वाढवावा लागेल. हाताचे शिक्षण पुस्तकाने किंवा पडद्याने होईल असा दावा कुठेही नाही. प्रत्येक पाठाशेवटी टेबलापाशी, अनुभवी माणसासमोर करून दाखवायचे काम दिले आहे आणि त्यावर त्या माणसाची सही मागितली आहे.

पहिलाच स्वाध्याय इन्क्युबेटरच्या रजिस्टरांचा आहे. डाव्या पानावर एका लॅबचा महिना : एकतीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, ३७.०, ३७.०, ३७.०. चार रविवार आणि स्वातंत्र्यदिनही त्यात आले. अक्षर एकसारखे, शाई एकच. उजव्या पानावर दुसऱ्या लॅबचा तोच महिना, खाडाखोडीचा. मंगळवारी पहाटे वीज गेली, नऊ वाजता ३१.५, प्लेटा रद्द, ग्राहकाला कळवले, नमुने पुन्हा मागवले. खाली दोन सह्या. यांतल्या कोणत्या लॅबकडे स्वतःच्या डेअरीचे दूध तपासायला पाठवाल ते कारणांसह लिहायचे आहे. उत्तरासाठी अर्धे पान मोकळे सोडले आहे.